पाठ फिरवून उभा राहणारा मेस्त्री

नवं बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू होणार असतं तेव्हा गॅरेजातली सगळी माणसं बॉनेटभोवती गोळा होतात. यल्लाप्पा मेस्त्री तेवढा उठतो, फडक्याला हात पुसतो आणि गाडीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. मान जराशी डावीकडे, डोळे मिटलेले. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, देवाचं नाव घेत असेल. मग वाटलं, नाटकी माणूस आहे. माझा स्वभावच असा. कुणाबद्दल चांगलं मत व्हायला मला सहा महिने लागतात आणि वाईट व्हायला एक मिनिट पुरतं.

मी संयोगिता, मूळची पुण्याची. नोकरीसाठी बेंगळुरात, इलेक्ट्रॉनिक सिटीत आले ती इथलीच झाले. आठवडाभर कंपनीत संगणकासमोर बसते आणि सुट्टीच्या दिवशी गाडी पळवते. रस्त्यावर नाही. मोठ्या मोकळ्या मैदानावर नारिंगी कोन मांडून त्यांच्यामधून घड्याळ लावून गाडी हाकायच्या शर्यती होतात, तिथे. माझी गाडी बारा वर्षांची टर्बोवाली सेडान. बाहेरून एखाद्या बँक मॅनेजरची वाटेल, पण पाय दाबला की मान मागे आपटते. मी ती घेतली तेव्हा तिचं इंजिन धूर ओकत होतं. घरच्यांनी मला वेड्यात काढलं. त्यांचं फारसं चुकलं नव्हतं.

बोम्मसंद्राच्या औद्योगिक वसाहतीत, दोन कारखान्यांच्या मधल्या बोळात यल्लाप्पाचं गॅरेज आहे. तो सीमाभागातल्या खानापूरकडचा. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी कन्नड, आणि इंजिनाशी बोलताना दोन्ही. पन्नाशीचा, बुटका, रोज निळा शर्ट. त्याच्याकडे मला पाठवलं यशोवर्धन नावाच्या एका शर्यतवाल्यानं. पाठवताना तो म्हणाला होता की याच माणसाच्या हातून माझं इंजिन गेलं, पण तू त्याच्याकडेच जा. या शिफारशीचा अर्थ मला लागायला वेळ लागला.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी यल्लाप्पानं यशोवर्धनचं इंजिन बांधलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी यशोवर्धन कुठूनतरी भारी विलायती ऑइलचा सीलबंद डबा घेऊन आला आणि यल्लाप्पानं त्याच्या शब्दावर ते ओतलं. तिसऱ्या फेरीत इंजिन जाम झालं. तेव्हा यल्लाप्पा कुंपणापाशी उभा राहून गाडी येताना बघत होता, आणि ती थांबताना त्यानं बघितली. यशोवर्धनला काही लागलं नाही. इंजिन उघडलं तर बेअरिंग वितळून दांड्याला चिकटलेली. डब्यात भारी ऑइल नव्हतंच. भारी डब्यात कुणीतरी साधं ऑइल भरून विकलं होतं.

यशोवर्धननं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही. यल्लाप्पानं मात्र स्वतःला दिला, आणि पुरता दिला. त्या दिवसापासून त्यानं दोन गोष्टी धरल्या. एक, चालत्या शर्यतीच्या इंजिनाकडे तोंड करायचं नाही, पाठ करून फक्त ऐकायचं. दुसरी, जे ऑइल गिऱ्हाइकाच्या इंजिनात जाईल ते आधी स्वतःच्या मोटारसायकलीत घालून दोन दिवस पळवायचं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. यल्लाप्पा तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला होता.

माझं इंजिन बांधायला त्यानं सात महिने घेतले. एकेका बेअरिंगची फट मोजून त्यानं आकडे खडूनं भिंतीवर लिहिले, आणि ते पुसू नयेत म्हणून त्या भिंतीला पाठ टेकायची सगळ्यांना बंदी होती. मी अधूनमधून भांडायला जायचे. मला वाटायचं, हा उशीर करतोय. एकदा भांडण रंगात आलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "अक्का, हे शेवटचं समजून बांधालोय. हेबी जाम झालं तर इंजिनला परत हात लावायचा न्हाई. पंक्चर काढत बसतो." त्यानंतर मी उशिराबद्दल बोलले नाही. धमकी देणारा माणूस मला ओळखू येतो. हा धमकी देत नव्हता.

डिसेंबरात इंजिन तयार झालं. रविवारी शर्यत होती आणि त्याआधीच्या बुधवारी खरं युद्ध सुरू झालं. आत ओतायचं काय?

मी तयारीनिशी गेले होते. महिनाभर इंटरनेटवर शर्यतवाल्यांच्या चर्चा वाचून माझी मतं पक्की झाली होती. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं पातळ, पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-३० ऑइल, आणि वर घर्षण कमी करणारी एक छोटी सोनेरी बाटली. ती बाटली ऑइलमध्ये मिसळली की इंजिनातले लोखंडी भाग एकमेकांवरून लोण्यासारखे सरकतात असं सगळे सांगत होते. सगळे म्हणजे कोण, हे मी विचारलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची जगात वानवा नाही, आणि मी त्यांच्यातलीच एक होऊन बसले होते.

यल्लाप्पानं माझा डबा हलवून पाहिला आणि नाक मुरडलं. पाण्यासारखं आहे म्हणाला. त्याच्या मते तापलेल्या इंजिनाला दाट ऑइलच हवं. २०डब्ल्यू-५० घालू या, जाड थर राहील, बेअरिंग सुखात राहतील. पातळ ऑइल थंड देशातल्या लोकांसाठी असतं. बेंगळुरात कुठं बर्फ पडतंय?

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, तो हातात उतरला. मी त्याच्या जेवणाच्या डब्याचं झाकण आणि त्याच मापाचं दुसरं झाकण घेतलं, दोन्ही तिरकी ठेवली आणि दोन्हींवर एकेक चमचा ऑइल एकदम सोडलं. सकाळचे आठ वाजले होते आणि थंडी चांगली होती. माझं ऑइल सरसर खाली पोचून काठावरून ठिबकायलाही लागलं. त्याचं अजून निम्म्या वाटेवर विचार करत होतं. मी म्हटलं, इंजिनाची झीज पळताना कमी होते आणि सुरू करताना जास्त, कारण पहिले काही सेकंद ऑइल वर पोचलेलंच नसतं. तुमचं ऑइल हवा कोंबणाऱ्या त्या टर्बोच्या पंख्यापर्यंत जाईस्तोवर टर्बोचं काय होणार?

त्यानं झाकणांकडे बराच वेळ पाहिलं. मग भिंतीवरच्या स्वतःच्याच आकड्यांकडे पाहिलं. फटी त्यानं कंपनीच्या मापाइतक्या बारीक ठेवल्या होत्या, आणि इतक्या बारीक फटीत दाट ऑइल शिरायला कुरकुरणार हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्याच्याच हातचा खडू त्याच्याविरुद्ध साक्ष देत होता. "सरी," तो म्हणाला, म्हणजे बरं. पण आधी मोटारसायकल. नियम तो नियम.

ही मोटारसायकल म्हणजे त्याची अठरा वर्षांची शंभर सीसीची गाडी. परीक्षेला वजन हवं म्हणून तिच्या मागच्या सीटवर त्याची बायको धनलक्ष्मी बसते. ती जवळच्याच कारखान्यात वायरी जोडण्याचं काम करते, आणि संध्याकाळी सुटली की बोम्मसंद्रा ते मारतहळ्ळी आणि परत अशी तिची फेरी होते. मारतहळ्ळीत त्यांचं कुणीही राहत नाही. वाटेत गर्दी आहे, चढ आहेत, उतार आहेत, एवढंच कारण. दुसऱ्यांच्या बायका साड्यांची दुकानं सांगतात, ती मला ऑइलच्या कंपन्या सांगायची. नवऱ्यानं तिला अठ्ठावीस तऱ्हेच्या ऑइलांवर फिरवलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी गॅरेजात पोचले तेव्हा यल्लाप्पा मोटारसायकल ढकलत बोळात शिरत होता. मागून धनलक्ष्मी चपला हातात घेऊन चालत येत होती.

ऑइल बोगस आहे, असं त्यानं गाडी लावता लावता जाहीर केलं. पहिला दिवस ठीक गेला. आज सिल्क बोर्डच्या पुलाच्या चढावर गाडीनं जीव सोडला. मूठ पिळावी तर आवाज वाढतो, पण चाक काही ऐकत नाही. मागच्या बसवाल्यानं तोंडभरून शिव्या दिल्या. हमरस्त्यापर्यंत टेम्पोत घालून आणली, तिथून ढकलत. हे ऑइल आपण घालणार नाही, रविवारचं विसरा.

मी भडकले. ऑइल मी स्वतः कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून आणलं होतं, ते बोगस कसं असेल? तुमची गाडीच म्हातारी, तिला ऑइलचं काय कळतं, असं बरंच काही बोलले. काही बोलायला नको होतं तेही बोलले. यशोवर्धनचं नावही माझ्या तोंडून निघालं. यल्लाप्पा पाना घेऊन माझ्या गाडीपाशी गेला. बहुतेक बॅटरी सोडवून गाडी झाकून ठेवायलाच निघाला होता.

धनलक्ष्मी पायरीवर बसून तळपाय चोळत होती. ती आमच्या कुणाच्या बाजूनं बोलली नाही. तिनं फक्त पाहिलं ते सांगितलं. "इंजिन गोडच चालालतं की ओ. अठ्ठावीस तेलांत एवढं गोड कुठलं न्हाई. नुसती गाडीच पुढं जाईना."

यल्लाप्पाचा पाना हवेतच थांबला.

त्यानं वळून मोटारसायकलीकडे पाहिलं, मग माझ्या गाडीकडे. मग मोटारसायकल स्टँडवर घेतली, ऑइल काढलं, बाजूचं झाकण खोललं आणि क्लचच्या चकत्या बाहेर काढल्या. ऑइलनं निथळत होत्या. दोन चकत्या एकमेकींवर दाबून त्यानं बोटांनी फिरवल्या. सुळ्ळकन फिरल्या. मोटारसायकलीचा क्लच इंजिनाच्याच ऑइलात बुडालेला असतो, आणि त्याचं कामच मुळी घर्षणावर चालतं. चकत्यांनी एकमेकींना घट्ट धरलं तर चाक फिरणार. माझ्या गाडीचा क्लच वेगळ्या खोलीत, कोरडा ठणठणीत. त्याला ऑइलचा थेंबही लागत नाही. हे कुठल्याही मेकॅनिकला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. यल्लाप्पानं आयुष्यात दोन्ही तऱ्हेचे हजारभर क्लच बदलले असतील. पण भीतीनं परीक्षा घेणाऱ्याला नापासच दिसतं.

"म्हंजे तेल खरं हाय," तो हळूच म्हणाला. "खोटं साधं तेल असतं तर क्लचनं मस्त धरलं असतं."

चकत्या हातातच राहिल्या. काय झालं ते मला कळेना. मग तो खाली स्टुलावर बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "तवाचं तेल साधंच होतं न्हवं? तवा ह्या गाडीत घालून बघितलो असतो, तर झकास पळाली असती. मी पास केलो असतो."

दोन वर्षं हा माणूस एकच गोष्ट स्वतःला सांगत होता की मी ओतण्याआधी तपासलं असतं तर ते इंजिन वाचलं असतं. आणि आता त्याच्याच हातातल्या दोन चकत्या सांगत होत्या की त्यानं तपासलं असतं तरी काही वाचलं नसतं. मला रडू आलं. मी ते ऑइलच्या वासावर ढकललं. मघाशी यशोवर्धनचं नाव काढल्याबद्दल त्याची माफी मागितली, तीही धडपणे नाही, अर्धी पुटपुटत. धनलक्ष्मीनं विचारलं की मग मी दोन वर्षं मारतहळ्ळीला कशाला जाऊन आले? यल्लाप्पा हसला. पहिल्यांदाच पाहिलं मी त्याला हसताना, पुढचा एक दात नाही हेही तेव्हाच कळलं.

मी लगेच फायदा घ्यायला गेले. पर्समधून सोनेरी बाटली काढली आणि म्हटलं, चला, आता हीसुद्धा ओतू या. यल्लाप्पानं बाटली घेतली, उलटसुलट केली आणि चकत्यांशेजारी ठेवली. या ऑइलात निसरडेपणा आधीच इतका आहे की मोटारसायकल पुलावर उभी राहिली, तर वर आणखी कशाला, असं त्याचं म्हणणं. बनवणाऱ्यानं मापानं सगळं घातलेलं असतं. आमटीत मीठ असताना वरून मूठभर घातलं तर आमटी जास्त चांगली होते का? मी वाद घातला. सुंभ जळला तरी माझा पीळ जात नाही. शेवटी त्यानं डबा माझ्यासमोर फिरवला आणि मागचं बारीक अक्षर वाचायला लावलं. यात इतर कोणतेही द्रव्य मिसळू नये, असं स्वच्छ लिहिलं होतं. महिनाभर मी जगाची मतं वाचली होती आणि डबा वाचला नव्हता.

ती बाटली न उघडता गणपतीच्या फोटोशेजारी फळीवर गेली. यंदाच्या दसऱ्यात आयुधपूजेला पाना-हातोड्यांबरोबर तिलाही कुंकू लागलं.

शनिवारी सकाळी ऑइल ओतलं. इंजिन सुरू केलं तेव्हा यल्लाप्पा भिंतीकडे तोंड करून उभा होताच. ऑइलचा लाल दिवा क्षणात विझला. आवाज असा आला की माझ्या दंडावर काटा उभा राहिला. त्यानं पाठ तशीच ठेवून एक बोट वर केलं, म्हणजे ठीक आहे.

रविवारी होसूरच्या अलीकडे, एका बंद कारखान्याच्या सिमेंटच्या मैदानावर एकतीस गाड्या जमल्या होत्या. प्रत्येकीला तीन फेऱ्या, सगळ्यांत चांगली वेळ धरायची. यल्लाप्पा आणि धनलक्ष्मी मोटारसायकलीवर आले. तिच्यात तिचं जुनं ऑइल परत घातलेलं होतं. तो सरळ जाऊन नवव्या कोनाच्या वळणापाशी, कुंपणापलीकडे उभा राहिला. मैदानाकडे पाठ.

पहिली फेरी मी घाबरत घेतली. एक डोळा कोनांवर, एक ऑइलच्या दाबाच्या काट्यावर. नववं वळण आलं तेव्हा निळ्या शर्टाची पाठ दिसली आणि गेली. अठ्ठावन्न सेकंद. काटा हलला नव्हता.

दुसऱ्या फेरीत मी गाडीला मोकळं सोडलं. काय पळाली ती! टर्बोनं श्वास भरला की सीट पाठीला चिकटत होती, आणि इंजिन गुणगुणतंय असं वाटावं इतकं हलकं फिरत होतं. मी आत एकटीच ओरडत होते. निळी पाठ पुन्हा दिसली, तशीच, मान डावीकडे. छप्पन्न सेकंद आणि वर थोडं. गाडी लावून मी धावत त्याच्याकडे गेले. त्यानं मागे न वळता एकच विचारलं, प्रेशर? मी म्हटलं, अण्णा, काटा खिळा मारल्यासारखा आहे. त्यानं मान हलवली.

तिसरी फेरी. यशोवर्धनचं इंजिन तिसऱ्या फेरीतच गेलं होतं हे मला आठवत होतं, त्याला तर आठवत असणारच. झेंडा पडला आणि मी निघाले. पहिले आठ कोन कसे गेले मला आठवत नाही. हात आपोआप फिरत होते, टायर किंचाळत होते, आणि सगळ्यांच्या वर ते इंजिन एका सुरात वर वर चढत होतं. ही वेळ पंचावन्नच्या आत जाणार हे मला अंगातूनच कळत होतं. पहिल्या तिघांत जागा नक्की.

नवव्या वळणाला निळा शर्ट दिसला. पण पाठ नव्हती. यल्लाप्पा दोन्ही हातांनी कुंपणाची जाळी धरून समोर तोंड करून उभा होता, डोळे टक्क उघडे, आणि माझ्या गाडीकडे बघत होता.

मीही बघत राहिले. अर्धा सेकंद असेल. तेवढ्यात उजवीकडे धप्पकन आवाज झाला आणि नारिंगी कोन बॉनेटवरून उडून मागे गेला.

वेळ चौपन्न पूर्णांक आठ. पाडलेल्या कोनाचे दोन सेकंद दंड. दुसऱ्या फेरीपेक्षाही मागे पडले, आणि एकतीसमध्ये सहावा नंबर आला. एरवी अशा वेळी मी हेल्मेट आपटते. त्या दिवशी तशीच आत बसून राहिले. इंजिन संथ चालू होतं, काटा जागच्या जागी होता. यल्लाप्पा कुंपण ओलांडून चालत आला, गाडीच्या तोंडासमोर उभा राहिला आणि बराच वेळ बॉनेटकडे बघत राहिला. मग खिडकीशी येऊन वाकला.

"नववा कोन पाडलासा की अक्का," तो म्हणाला. "बघितलो मी."